बायोप्सीत क्रिप्ट अ‍ॅबसेस आलाय, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी नॉर्मल आहेत, असं कसं?

नाशिकरोडच्या एका दादांनी विचारलंय. त्यांची बहीण २४ वर्षांची आहे, तीन महिने आव-रक्त पडत होतं, शेवटी कोलोनोस्कोपी झाली आणि बायोप्सीत ‘क्रिप्टायटिस, क्रिप्ट अ‍ॅबसेस, न्यूट्रोफिल’ असे शब्द आले. मळातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज मोजायची तपासणी) ८६०, पण सीबीसीत पांढऱ्या पेशी ९,२०० म्हणजे नॉर्मल. डॉक्टरांनी अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला दीर्घकाळ सूज राहणारा आजार, सांगितला, मेसालामाइन आणि काही आठवडे स्टेरॉइड दिलं. त्यांना पडलेले प्रश्न असे की अ‍ॅबसेस म्हणजे गळू, मग ऑपरेशन करायचं का, रक्तात पेशी नॉर्मल तर आतड्यात एवढ्या कुठून आल्या, आणि पांढऱ्या पेशी जर आपलं रक्षण करतात तर त्यांना दाबायचं औषध का द्यायचं, घरचे म्हणतायत उलट गुळवेल देऊन इम्युनिटी वाढव.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, बावीस वर्षं झाली नाशिकमध्ये बायोप्सी बघतेय. औषध ठरवायचं काम तुमच्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांचं, त्यात मी पडत नाही, पण स्लाइडवर काय दिसतं आणि त्याचा अर्थ काय हे मी सांगू शकते आणि सविस्तरच सांगते, कारण हा रिपोर्ट हातात घेऊन रात्रभर जागणारी माणसं मी खूप बघितलीत.

पहिली गोष्ट, ऑपरेशनची भीती आत्ताच मनातून काढून टाका. क्रिप्ट अ‍ॅबसेस हे नाव ऐकायला भयंकर आहे पण ते गळू डोळ्याला दिसत नाही, फक्त मायक्रोस्कोपखाली दिसतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरात टेस्ट ट्यूबसारखे लाखो बारीक खड्डे असतात, त्यांना क्रिप्ट म्हणतात, त्यातल्या एखाद्या खड्ड्याच्या पोकळीत पांढऱ्या पेशींचा घोळका साचला की आम्ही लिहितो क्रिप्ट अ‍ॅबसेस. खड्ड्याच्या भिंतीतच पेशी घुसलेल्या दिसल्या तर क्रिप्टायटिस. कापून काढण्यासारखं त्यात काही नसतं.

आता स्लाइड कशी दिसते ते सांगते म्हणजे बाकीचं समजायला सोपं जाईल. तुमच्या बहिणीचे जे तुकडे काढले ते फॉर्मलिनच्या बाटलीत येतात, एकेक तुकडा ज्वारीच्या दाण्याएवढा, कधी त्याहून लहान. तो मेणात बसवून पापुद्र्यासारखा पातळ कापतात आणि जांभळा-गुलाबी रंग देतात. निरोगी आतडं असेल तर क्रिप्ट एकाशेजारी एक ओळीत उभ्या, द्राक्षबागेतल्या ओळींसारख्या सरळ, आणि प्रत्येक क्रिप्टच्या भिंतीत पांढरे फुगलेले ठिपके, त्या शेम म्हणजे म्यूकस बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी. सूज असलेल्या आतड्यात पहिलं काय जाणवतं तर हे पांढरे ठिपके कमी झालेले असतात, आणि मग हाय पॉवर लावली की गुलाबी भिंतीत मध्येच तीन-चार गाठींचं गडद जांभळं केंद्रक असलेली एक छोटी पेशी अडकलेली दिसते. तोच न्यूट्रोफिल, पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. दोन अस्तर-पेशींच्या फटीत अंग चोरून चाललेला, आणि आम्ही त्याला तिथेच गोठवलेला असतो. इतकी वर्षं झाली तरी ते दृश्य दिसलं की माझा हात फोकसच्या चाकावर थांबतो.

त्याला तिथे बघून थांबायचं कारण असं की निरोगी अस्तराच्या खालच्या थरात लिम्फोसाइट असतात, प्लाझ्मा पेशी असतात, जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणारे मॅक्रोफेज, थोडे इओसिनोफिल, हे सगळे पांढऱ्या पेशींचेच प्रकार आणि तिथले कायमचे रहिवासी, नसले तरच आश्चर्य. अस्तराच्या पेशींच्या मधेसुद्धा काही लिम्फोसाइट पहाऱ्याला बसलेले असतात. पण न्यूट्रोफिल अस्तराच्या भिंतीत घुसलेला दिसला म्हणजे तो बोलावल्यावरून आलाय. म्हणून रिपोर्टमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह’ हा शब्द आम्ही न्यूट्रोफिल बघूनच लिहितो.

हे अस्तर किती नाजूक असतं ते लक्षात घ्या. सगळ्या आतड्याचं अस्तर पसरलं तर ३० ते ४० चौरस मीटर होतं, म्हणजे सिडकोतल्या एखाद्या छोट्या घराएवढं, आणि जाडी मात्र फक्त एका पेशीची, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. एका बाजूला मोठ्या आतड्यातला मळ, त्याच्या एकेका ग्रॅममध्ये दहा हजार कोटींच्या घरात जंतू, दुसऱ्या बाजूला आपलं रक्त. मधे ही एक पेशीची भिंत आणि तिच्यावर शेमाचा थर. मोठ्या आतड्यात या शेमाचे दोन थर असतात, बाहेरच्या थरात जंतू राहतात, आतल्या घट्ट थरात जवळजवळ नसतातच. भिंतीतल्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात, त्या शिवणीला टाइट जंक्शन म्हणतात. चार-पाच दिवसांत अख्खी भिंत नवीन होते, जुन्या पेशी गळतात आणि क्रिप्टच्या तळाशी जन्मलेल्या नव्या वर सरकतात. इतकं अवघड काम ही भिंत न बोलता रोज करते.

आता समजा या भिंतीला कुठे इजा झाली किंवा जंतू शिवणीतून आत आले. अस्तराच्या पेशी आणि खालचे मॅक्रोफेज हाक मारतात, म्हणजे रसायनं सोडतात, इंटरल्युकिन-८ हे त्यातलं मुख्य, टीएनएफ हे दुसरं. तिथून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींवर चिकट रेणू उगवतात, त्यांना सिलेक्टिन म्हणतात. रक्तातून वेगाने चाललेला न्यूट्रोफिल त्यांना अडखळतो आणि भिंतीला धरून घरंगळत जातो, मग हाकेचं रसायन त्याला लागलं की त्याच्या अंगावरचे इंटिग्रिन नावाचे आकडे उघडतात आणि तो घट्ट चिकटतो, मग रक्तवाहिनीच्या पेशींच्या सांध्यातून बाहेर पडतो, खालच्या थरातून वाट काढत अस्तराच्या तळाशी येतो आणि दोन अस्तर-पेशींच्या मधून खालून वर जातो. म्हणजे आतड्यातला माल ज्या बाजूला असतो तिथून नाही, मागच्या दाराने येतो. तो जाताना शिवण थोडी उसवते आणि त्याच्या मागे परत मिटते. एखाद-दुसरा गेला तर अस्तराला त्याचं काहीच वाटत नाही.

तर रक्तात नॉर्मल असताना आतड्यात एवढ्या कुठून आल्या याचं उत्तर या प्रवासातच आहे. अस्थिमज्जा रोज जवळजवळ दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते आणि रक्तात ते जेमतेम काही तास ते एखादा दिवस असतात. रक्त म्हणजे त्यांचा फक्त रस्ता आहे, काम पेशीजालात. सीबीसी म्हणजे त्या रस्त्यावर एका क्षणी उभं राहून मोजलेली गाड्यांची संख्या, त्यातल्या किती आतड्याच्या वळणाला उतरल्या ते तिथून कळत नाही. याची उलट बाजू तर डोळे उघडणारी आहे. काही बाळांमध्ये जन्मतःच ते इंटिग्रिनचे आकडे नसतात, फार दुर्मिळ आजार आहे, त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाठ असतात आणि तरी त्यांना एकामागून एक इन्फेक्शन होतं, जखमेत पू धरत नाही, नाळसुद्धा नेहमीपेक्षा फार उशिरा गळते, कारण पेशी रक्तवाहिनीतून उतरूच शकत नाहीत. त्यामुळे ९,२०० आकडा बघून ‘रिपोर्ट चुकला असेल’ असं समजू नका. आणि अजून एक, स्टेरॉइड सुरू केल्यावर सीबीसी केली तर पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसू शकतात, कारण वाहिन्यांच्या भिंतीला चिकटलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात. फक्त तो आकडा बघून घाबरून औषध बंद करू नका, ताप किंवा पोटदुखी वाढली असेल तर मात्र डॉक्टरांना लगेच कळवा.

मग रक्षण करणाऱ्या पेशी नुकसान कशा करतात? न्यूट्रोफिलचं हत्यार समजून घ्या. त्याच्या आत मायलोपेरॉक्सिडेज नावाचं हिरवट एन्झाइम असतं, पुवाला जी हिरवट झाक असते ती त्याचीच, आणि ते हायपोक्लोरस आम्ल बनवतं. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते ना, ती पाण्यात पडल्यावर जे तयार होतं आणि जंतू मारतं, तेच. शिवाय प्रथिनं कातरणारी इलास्टेजसारखी एन्झाइम्स असतात, आणि २००४ साली कळलं की हे न्यूट्रोफिल मरताना स्वतःच्या डीएनएचं जाळं बाहेर फेकून जंतू अडकवतात. ही हत्यारं जंतू कोण आणि आपली पेशी कोण हे बघत नाहीत. चार न्यूट्रोफिल असतील तर अस्तर ते सोसतं. चारशे एकाच ठिकाणाहून वर घुसायला लागले की शिवण मिटायला उसंतच मिळत नाही, फट उघडी राहते, तिच्यातून जंतू आणि त्यांचे तुकडे आत येतात, ते आले की खालून अजून जोरात हाक जाते, अजून न्यूट्रोफिल येतात. शिगेला नावाचा रक्ती आव करणारा जंतू तर नेमका याचाच फायदा घेतो, न्यूट्रोफिलने उसवलेल्या फटींतून त्याला भिंतीत शिरायला वाट मिळते.

वर पोचलेले न्यूट्रोफिल क्रिप्टच्या पोकळीत साचतात, तोच तुमच्या रिपोर्टमधला अ‍ॅबसेस. तिथे बसून ते अजून एक गोष्ट करतात जी बहिणीला रोज भोगावी लागतेय. त्यांच्यातून एएमपी नावाचं द्रव्य सुटतं, अस्तराच्या पृष्ठभागावरचं एन्झाइम त्याचं अ‍ॅडेनोसीन करतं, आणि अ‍ॅडेनोसीनमुळे अस्तराच्या पेशी क्लोराइड बाहेर टाकतात, मीठ गेलं की मागोमाग पाणी जातं. हे १९९३ साली प्रयोगशाळेत दाखवलं गेलं. जंतू धुऊन काढायची ही शरीराची युक्ती असावी, पण सूज थांबतच नसेल तर माणूस दिवसातून दहा-दहा वेळा संडासला धावतो. लोक म्हणतात हिला बाहेरचं खाणं बाधलं, मिसळ बंद करा, हॉस्टेलचं जेवण बंद करा. तिला दोष देऊ नका, हे तिने काही खाल्ल्यामुळे नाही.

आता इतकं वाचून वाटेल की न्यूट्रोफिल नकोतच. तसंही नाही, आणि इथे मला मनापासून सांगायचंय की या पेशींना शत्रू समजू नका. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज नावाचा जन्मजात आजार आहे, त्यात न्यूट्रोफिल असतात पण ऑक्सिजन वापरून तो रासायनिक मारा करू शकत नाहीत. तर्क असा की हत्यार बोथट म्हणजे आतडं सुरक्षित राहायला पाहिजे. प्रत्यक्षात त्यातल्या बऱ्याच मुलांना क्रोन्ससारखी (अल्सरेटिव्ह कोलायटिसच्याच कुळातला आजार) आतड्याची सूज येते. २०१४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून याचा एक धागा सापडला. न्यूट्रोफिल अस्तरातून जाताना इतका ऑक्सिजन ओढून घेतात की तिथे थोडा वेळ ऑक्सिजनची टंचाई होते, आणि ती टंचाई ओळखून अस्तराच्या पेशी स्वतःच्या दुरुस्तीची जनुकं चालू करतात, शिवण घट्ट करतात. म्हणजे जो भिंत उसवतो तोच ती सांधायचा निरोपही देऊन जातो. मग काम झालं की न्यूट्रोफिल शांतपणे मरतो, मॅक्रोफेज त्याला गिळतो, आणि गिळल्यावर तो मॅक्रोफेज स्वतः शांत होऊन सूज उतरवणारी रसायनं सोडतो. पेशी गिळणाऱ्या या पेशी शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये सिसिलीत बघितल्या, तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून, १९०८ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. गिळणं म्हणजे हल्ला एवढंच तेव्हा लोकांच्या डोळ्यासमोर होतं, पण गिळणं म्हणजे आवराआवरही आहे, आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये ही आवराआवरच नीट होत नाही. हाक थांबत नाही. पेशी वाईट नाहीत, त्यांना सतत बोलावलं जातंय.

यावरून औषधांकडे बघा. मेसालामाइन सगळ्या शरीराची इम्युनिटी पाडत नाही, ते मुख्यतः आतड्याच्या अस्तरावर, जिथून हाक जाते तिथेच काम करतं. स्टेरॉइड हाक आणि प्रतिसाद दोन्ही जोरात दाबतं, म्हणून थोडे दिवस, आणि बंद करताना हळूहळू. पुढे कधी लागलंच तर टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब १९९८ पासून क्रोन्ससाठी वापरात आहे, आणि २०१४ मध्ये मान्यता मिळालेलं व्हेडोलिझुमॅब हे लिम्फोसाइटला आतड्याच्या वळणावर उतरू देत नाही, बाकी शरीरात त्यांची ये-जा चालू राहते. टीएनएफची औषधं सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी झालीच पाहिजे, आपल्याकडे झोपलेला टीबी जागा होण्याचा धोका खरा आहे. अझाथायोप्रिन हे इम्युनिटी दाबणारं औषध दिलं तर मात्र सीबीसी वरचेवर लागते, आपल्या लोकांमध्ये एनयूडीटी१५ जनुकातल्या बदलामुळे काहींच्या पांढऱ्या पेशी धाडकन खाली येतात, ती टेस्ट करता येते का विचारा.

गुळवेलीबद्दल स्पष्ट बोलते. जिथे हाक आधीच थांबत नाहीये तिथे ‘इम्युनिटी वाढवणं’ याचा अर्थ काय होतो ते वर वाचलंच. त्यात करोनाच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेल्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या. घरच्यांचं प्रेम आहे, मला कळतं, पण देऊ नका. आणि अंगदुखीला, पाळीच्या दुखण्याला मेडिकलमधून स्वतःच्या मनाने डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणणंही टाळा, ही औषधं अस्तराला त्रास देतात आणि आजार उसळू शकतो.

कॅलप्रोटेक्टिनचं राहिलं. हे न्यूट्रोफिलच्या आतलंच प्रथिन, त्याच्या पेशीद्रवातल्या प्रथिनांपैकी अर्ध्याहून जास्त हेच असतं, जंतूंना लागणारं झिंक आणि मँगनीज ते धरून ठेवतं. क्रिप्टमध्ये आलेले न्यूट्रोफिल शेवटी मळात जातात आणि हे प्रथिन लवकर नासत नाही, म्हणून मोजता येतं. आपल्या भाषेत सांगायचं तर हा नाशिकच्या गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती आहे, पुराचं पाणी मोजायची आमची खूण. गोदेला पूर आला की आपण धरणाचे आकडे विचारत बसतो का, पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं का कमरेला का छातीला एवढंच विचारतो आणि समजतो काय ते. साधारण ५० च्या आत असेल तर घाट कोरडा, २५० च्या वर म्हणजे सूज नक्की चालू, ८६० म्हणजे बरंच पाणी चढलंय. पण मारुती हे सांगत नाही की पाणी गंगापूर धरणातून सोडलंय का शहरातल्या पावसाचं आहे. तसंच इन्फेक्शन झालं तरी कॅलप्रोटेक्टिन वाढतं, पेनकिलरनेही वाढू शकतं. कारण शोधायला बायोप्सी आणि मळाची तपासणी लागते.

याच मुद्द्यावर तुम्हाला एक गोष्ट विचारून घ्यायला सांगते, आणि त्यामागे माझा एक अनुभव आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी निफाडकडच्या एका बागायतदाराचे तुकडे आले, सोबतच्या कागदावर ‘कोलायटिस, स्टेरॉइड सुरू’ एवढंच लिहिलेलं. स्लाइडवर व्रण होता, वर राखाडी-गुलाबी साका, आणि गंमत म्हणजे एवढ्या मोठ्या व्रणाच्या मानाने न्यूट्रोफिल फारच थोडे आणि तेही फुटलेले. त्या साक्यात गोल फेसाळ पेशी होत्या, पहिल्या नजरेत मॅक्रोफेज वाटतील अशा. मन मानेना म्हणून पीएएस नावाचा दुसरा रंग लावला तर त्या गोल पेशी किरमिजी झाल्या, आणि दोन-तीन पेशींच्या पोटात गिळलेल्या लाल रक्तपेशी. अमीबा होता तो. अमीबा न्यूट्रोफिलला फोडून टाकतो, म्हणून असं रिकामं रिकामं दिसतं, आणि अमीबा असताना स्टेरॉइड चालू राहिलं तर आतडं फाटण्यापर्यंत जाऊ शकतं. रिपोर्ट टाइप व्हायची वाट न बघता डॉक्टरांना फोन केला, स्टेरॉइड थांबलं, मेट्रोनिडॅझोल सुरू झालं, माणूस वाचला. तेव्हापासून व्रण आणि साका दिसला की तो दुसरा रंग लावल्याशिवाय मी सही करत नाही. तुम्ही एवढंच विचारा की मळात अमीबा आणि क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जंतू बघितला का, आणि बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (मॅक्रोफेजची गुठळी) नाही ना, कारण आपल्याकडे आतड्याचा टीबी क्रोन्सच्या वेशात येतो. तुमच्या वर्णनावरून नीट बघितलेलं असणार असं वाटतं, पण विचारण्यात काही चूक नाही. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लॅब जपून ठेवते, दुसरं मत हवं असेल तर मागून घेता येतात.

पुढची बायोप्सी होईल तेव्हाचं आत्ताच सांगून ठेवते. तिला बरं वाटायला लागेल, रक्त थांबेल, कोलोनोस्कोपीत अस्तर गुलाबी दिसेल, आणि तरी रिपोर्टमध्ये ‘क्रिप्ट डिस्टॉर्शन’ असं लिहिलेलं असेल. ते वाचून धसका घेऊ नका. एकदा मोडलेल्या क्रिप्ट परत उगवतात त्या अनेकदा वाकड्या, फाटे फुटलेल्या उगवतात, छाटणीनंतर वेलीला कशाही फुटी येतात तशा, आणि वाकड्या असल्या तरी शेम बनवायचं काम करतात. तुम्ही रिपोर्टमध्ये एकच ओळ आधी शोधा, अस्तरात न्यूट्रोफिल आहेत का नाहीत. नसतील तर औषध लागू पडलंय, आणि ते तेव्हा बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद करू नका, किती दिवस चालू ठेवायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.